पियानोचें पेडल आणि देवळांतील गायन

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त गायकवृंद व ग्रामस्थ यांच्यापुढें दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या प्रसंगीं धर्मगुरूनें पूर्वजांच्या श्रद्धेवर अथवा पुढील कार्यावर बोलावें अशी आपली अपेक्षा असणार, आणि ती रास्तहि आहे. परंतु आज आम्ही पियानो वाजविणाराच्या उजव्या पायाविषयीं बोलणार आहों. विषय क्षुल्लक वाटेल. पण गेलें वर्षभर देवळांतील गायनासंबंधीं आमच्या कानांवर जें जें येत आहे त्याचा उगम शोधूं जातां आम्ही पुनः पुनः ह्या पायापाशींच येऊन पोंचतों.

गोष्ट आपणां सर्वांस ठाऊक आहे. पूर्वीं आपल्या देवळांत पेटी होती. तिच्या जागीं आतां विजेवर चालणारा डिजिटल पियानो आला आहे. तो आल्यापासून गायकवृंदांतील मुलेंमुली हुरूपानें गाऊं लागलीं, आणि मागच्या बांकांवरील वृद्ध स्त्रिया मात्र हळूहळू गप्प झाल्या. ह्या मातांपैकीं कित्येकींस अक्षरओळख नाहीं. दांडीच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालतांना, टोपली डोक्यावर घेऊन बाजारची वाट चालतांना त्यांनीं आपलीं सारीं भक्तिगीतें केवळ कानांनीं पाठ केलीं. गीतांचें पुस्तक त्यांच्या हातीं दिलें काय आणि न दिलें काय, सारखेंच. पुढील ओळीचा पहिला शब्द कानीं पडला म्हणजे उरलेली ओळ त्यांच्या मुखांतून आपोआप बाहेर येते; तो शब्दच ऐकूं येईनासा झाला तर त्या बापड्यांनीं काय करावें? त्या तक्रार करीत नाहींत. त्या ओठ मिटून घेतात. तक्रार करितात ते त्यांचे मुलगे व जांवई. आणि त्यांचें म्हणणें असें कीं, हें यंत्र परत करावें व पेटी पुनः आणावी.

आमचें मत तसें नाहीं. यंत्र चांगलें आहे, वाजविणारीं मुलें गुणी आहेत. फक्त यंत्राखालीं जें पेडल आहे त्याचें काम काय, हें त्या मुलांना कोणीं नीट सांगितलेलें नाहीं. तें आज सांगावें, आणि सर्वांसमक्ष सांगावें, म्हणजे ऐकणारांसहि काय मागावें हें कळेल, असा आमचा हेतु आहे.

मूळ पियानोच्या पोटांत काय असतें तें प्रथम पाहूं. पट्ट्या ८८, तारा सुमारें २२० ते २३०, आणि त्या सर्व तारांचा एकत्रित ताण १८ ते २० टनांच्या घरांत. पट्टी दाबली कीं नमदा लावलेली लांकडी हातोडी तारेवर आपटून लगेच मागें येते. त्याच क्षणीं तारेवर टेकलेली नमद्याची एक लहानशी उशी वर उचलली जाते. पट्टीवरील बोट उचललें कीं ही उशी पुनः तारेवर बसते आणि सूर थांबतो. ह्या उशीचें महत्त्व ध्यानांत यावें म्हणून घंटेचें उदाहरण घ्या. १७३९ सालीं वसई पडल्यावर तेथील देवळांच्या घंटा मराठे घेऊन गेले. त्यांपैकीं एक नाशिक येथें नारोशंकराच्या मंदिरांत आजहि टांगलेली आहे. घंटेला उशी नसते. टोला पडला कीं नाद आपल्या मर्जीनें विरेल तेव्हां विरेल. लगोलग दुसरा टोला दिला तर दोन्ही नाद एकमेकांत मिसळतात. घंटेला तें शोभतें, कारण तिला शब्दांची सोबत करावयाची नसते.

आतां उजवें पेडल दाबलें म्हणजे काय होतें? ह्या सर्व उशा एकदम तारांवरून उठतात. (अगदीं वरच्या, बारीक तारांना उशा नसतातच, त्यांचा नाद इतका अल्पायुषी कीं त्यास आवरण्याचें कारण पडत नाहीं.) बोट उचललें तरी सूर चालूच राहतो, हा त्याचा एक परिणाम; तो सर्वांस ठाऊक असतो. दुसरा परिणाम अधिक सूक्ष्म आहे. ज्यांनीं सतार जवळून पाहिली असेल त्यांस तरफांच्या तारा माहीत आहेत. त्यांस कोणी छेडीत नाहीं. वरची तार बोलली कीं त्या आपल्या आपण झणकारूं लागतात. पियानोचें पेडल दाबलें कीं त्याच्या सगळ्या मोकळ्या तारा अशाच तरफा बनतात. एक पट्टी दाबावी आणि सबंध वाद्यानें हुंकार द्यावा, असा तो प्रकार आहे. पियानोच्या नादाला जी गोलाई येते ती येथून. आणि अति झाल्यास जो गोंधळ माजतो तोहि येथूनच.

बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी ह्या कारागिरानें इटलींतील फ्लॉरेन्स येथें १७०० च्या सुमारास हें वाद्य घडविलें तेव्हां त्याला पेडलें नव्हतीं. पुढें उशा उचलण्याची सोय झाली, तीहि प्रथम हाताच्या खुंट्यांनीं व गुडघ्यानें दाबावयाच्या दांड्यांनीं. लंडनच्या ब्रॉडवुडनें आपल्या पेडलाचें पेटंट १७८३ सालीं घेतलें. त्या काळच्या पियानोचा नाद आजच्यापेक्षां पुष्कळच लवकर विरत असे. म्हणूनच बेटोव्हेन ह्यानें १८०१ सालीं रचलेल्या व पुढें 'मूनलाइट' ह्या नांवानें प्रसिद्धीस आलेल्या सोनाटाचा पहिला भाग सबंधच्या सबंध उशा उचललेल्या ठेवून वाजवावा, अशी सूचना लिहून ठेवली. आजच्या वाद्यावर ती सूचना अक्षरशः पाळली तर चांदणें राहतें बाजूला आणि नुसतें मळभ दाटतें. जाणते वादक म्हणून तेथें पेडल पुनः पुनः बदलतात. लिहिलेलें पाळावें, पण कोणत्या वाद्यासाठीं लिहिलें तेंहि पाहावें, इतकें ह्यावरून दिसतें.

डावें पेडल मृदुतेचें. आडव्या, मोठ्या पियानोंत तें दाबलें कीं हातोड्यांचा सगळा सांचा किंचित् बाजूला सरकतो आणि जेथें तीन तारांवर आघात व्हावयाचा तेथें दोहोंवरच होतो. आवाज तर घटतोच, पण त्याचा रंगहि पालटतो. उभ्या पियानोंत हातोड्या तारांच्या जवळ आणल्या जातात, त्यामुळें आघात हलका होतो इतकेंच. मधलें पेडल सर्वांत चमत्कारिक. मोठ्या पियानोंत तें दाबण्याच्या क्षणीं ज्या पट्ट्या दाबलेल्या असतील तेवढ्यांच्याच उशा वर राहतात, बाकीच्या आपलें काम करीत राहतात. स्टाइनवे कंपनीनें ह्याचें पेटंट १८७४ त घेतलें. बऱ्याच उभ्या पियानोंत मात्र मधलें पेडल हातोड्या व तारा ह्यांच्यामध्यें नमद्याचा एक पडदा आणतें, तो कशासाठीं, तर शेजाऱ्यांची झोंप मोडूं नये म्हणून. देवळांत त्याचें काम नाहीं. मिस्सेच्या वेळीं झोंपणारांस आम्ही तितकी सवलत देऊं इच्छीत नाहीं.

आपला पियानो मात्र डिजिटल आहे. त्यांत तारा नाहींत, हातोड्या नाहींत, उशाहि नाहींत. खऱ्या पियानोच्या सुरांच्या नोंदी त्यांत सांठविलेल्या असतात. पट्टी दाबली कीं ती नोंद बाहेर पडते. पेडल हें तेथें केवळ एक निरोप्या आहे. १९८३ सालीं विद्युत्-वाद्यांच्या परस्पर व्यवहाराचा 'मिडी' नांवाचा जो संकेत ठरला त्यांत उजव्या पेडलाला ६४ हा क्रमांक दिलेला आहे, आणि तें किती दाबलें हें ० पासून १२७ पर्यंतच्या आंकड्यांनीं सांगतां येतें. परंतु स्वस्त पेडल असें बारीक सांगत नाहीं; तें दिव्याच्या बटणाप्रमाणें चालू किंवा बंद एवढेंच जाणतें. अशा पेडलावर 'अर्धे दाबा' म्हणून शिकविणें व्यर्थ आहे. चांगलें पेडल दाबाचें प्रमाण ओळखतें व त्यावर उशा किंचित् टेकल्याचा आभास उत्पन्न करितां येतो. तरफांचा झणकारहि नव्या यंत्रांत गणितानें निर्माण करितात.

यंत्राच्या दोन खोडी सांगून ठेवतों. कित्येक यंत्रें सुरू होतांना पेडल कोणत्या स्थितींत आहे तें पाहतात व तीच मोकळी स्थिति समजतात. त्या वेळीं त्यावर पाय असला तर पुढें सारेंच उलटें होतें: पाय ठेवला कीं सूर तुटतो, उचलला कीं लांबतो. असें झाल्यास यंत्र बिघडलें म्हणून हाकाटी करूं नये. पाय काढून तें बंद करावें व पुनः सुरू करावें. दुसरी खोड अशी कीं, यंत्राला एका वेळीं ठराविक संख्येचेच, ६४ म्हणा किंवा १२८ म्हणा, सूर सांभाळतां येतात. पेडल दाबून ठेवून सूरांवर सूर चढवीत गेलें तर जुने सूर मध्येंच गळूं लागतात.

मग खरा पियानोच कां घेतला नाहीं, असें कांहींनीं विचारलें. त्याचें उत्तर आपल्या दाराबाहेर आहे. दांडीची खारी हवा बोटीवरच्या लोखंडाचें काय करिते तें आपण रोज पाहतां. पियानोच्या शेंकडों पोलादी तारांची गत निराळी होणार नाहीं; पावसाळ्यांत लांकूड फुगतें, नमदा ओल धरतो, उशा चिकटतात, आणि उरलेलें कसर खाते. स्वर लावणारा मुंबईहून बोलवावा लागतो. डिजिटल यंत्राला स्वर लावावा लागत नाहीं. त्याला वीज मात्र लागते. आणि १९६९ पासून वीज निर्माण करणाऱ्या तारापूर केंद्राच्या इतक्या जवळ राहूनहि ती ऐन वेळीं जाते, हें आपलें भाग्य. म्हणून पेटी आम्हीं विकलेली नाहीं. ती कपाटांत आहे व तिथेंच राहील.

परंतु मुख्य अडचण हवेची नाहीं, संवयीची आहे. आपल्यांतील वडीलधारे वादक पायपेटीवर शिकले. हार्मोनियमचें पेटंट पॅरिस येथें देबें ह्यानें १८४२ सालीं घेतलें. तें वाद्य आपल्या देशांत मिशनऱ्यांच्या देवळांत जसें आलें तसेंच मराठी रंगभूमीवरहि आलें, आणि १९१३ सालीं स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळींत तर पायानें भाता मारावयाच्या ऑर्गनचा थाटच निराळा होता. ह्या वाद्यांत पाय थांबला कीं सूर मेला. दोन्ही पाय आळीपाळीनें सतत चालले पाहिजेत. असा पाय ज्यानें वीस वर्षें चालविला, किंवा असा पाय चालवितांना ज्यानें आपल्या वडिलांस पाहिलें, तो पियानोशीं बसला कीं त्याचा पाय तालावर खालींवर होऊं लागतो, अथवा सूर मरेल ह्या भीतीनें पेडल दाबूनच ठेवितो. भाता मारणें आणि उशा उचलणें हीं दोन अगदीं भिन्न कामें आहेत. भात्याचा पाय श्वास पुरवितो. पियानोच्या पायाचें काम जुनें तें वेळेवर थांबविणें हें आहे. त्याची कसोटी दाबण्यांत नसून उचलण्यांत आहे.

ही गोष्ट सुरांत पाहा. सा, ग, प हे तीन सूर एकत्र वाजवा. गोड लागतात. आतां पेडल दाबलेलेंच ठेवून म, ध, वरचा सा वाजवा. (येथें वाजवून दाखविलें.) ऐकलेंत? गंधार गेला नाहीं आणि मध्यम येऊन बसला. शुद्ध गंधार व मध्यम हे शेजारी. एकाच बांकावर दोन भांडखोर शेजारी बसविल्यासारखें तें झालें. त्यावर आणखी प, नि, रे आले म्हणजे सातहि सूर एकाच वेळीं बोलूं लागतात, आणि अशा कोलाहलांत गाणाराच्या तोंडचा 'प' कोणता व 'ब' कोणता हें कसें समजावें? आतां दुसऱ्या रीतीनें ऐका. नवे सूर वाजतांक्षणींच पाय उचलला, आणि बोटें पट्ट्यांवर असतांनाच पाय पुनः दाबला. (पुनः वाजवून दाखविलें.) सूर कोठें तुटला नाहीं, आणि जुना सूर उरलाहि नाहीं. हात खालीं येतो तेव्हां पाय वर जातो. हात स्थिरावला कीं पाय खालीं येतो. हातापायांचें हें उलट चालणें पहिले आठ दिवस फार जड जातें. आपल्या नकळत पाय हाताबरोबरच दाबला जातो व मागचा सूर पुढच्यांत अडकून राहतो. अडखळणाऱ्या मुलांना आमचें सांगणें आहे कीं, प्रथम गीत वाजवूंच नका. दोनच स्वरसमूह घ्या व अर्धा तास तेवढेंच करा. टांच जमिनीवर टेकलेली असावी, पुढचा चवडा पेडलावर असावा, व चवडा पेडलापासून कधीं सुटूं नये. नाहींतर प्रत्येक वेळीं खटकन् आवाज होतो व तो ध्वनिवर्धकांतून वेदीपर्यंत जातो.

आणखी एक प्रकार आमच्या ध्यानांत आला आहे, आणि आमच्या समजुतीनें आपल्या देवळांतील निम्मा गोंगाट त्याचाच आहे. मुलें यंत्रावर ऑर्गनचा आवाज लावितात आणि उजवें पेडल दाबतात. पियानोचा सूर निदान आपोआप क्षीण होत जातो. ऑर्गनचा सूर पट्टी दाबलेली असेपर्यंत तसाच राहतो. पेडलानें तो धरून ठेवला तर तो कमी होतच नाहीं, आणि प्रत्येक नवा सूर त्याच्या छातीवर येऊन बसतो. कुलाब्याच्या होली नेम कॅथीड्रलमधील मोठा ऑर्गन ज्यांनीं पाहिला असेल त्यांस आठवेल कीं तेथेंहि पायांखालीं दांड्या आहेत. पण तेथें पायांनीं खर्जाचे स्वतंत्र सूर वाजवितात, अथवा आवाज कमीअधिक करितात. सूर लांबविण्याचें पेडल ऑर्गनला नसतें. तेव्हां आपल्या यंत्रावर ऑर्गन लाविला असतां उजवा पाय सरळ मागें घ्यावा. सुरांची जोडणी बोटांनींच साधावी.

आतां धर्मसभेची आज्ञा काय आहे तेंहि सांगितलें पाहिजे, कारण जुन्या मंडळींपैकीं एकदोघांनीं देवळांत पियानो चालतो तरी काय, असा प्रश्न केला आहे. प्रश्न योग्य आहे. परमगुरु दहावे पायस ह्यांनीं २२ नोव्हेंबर १९०३ रोजीं पवित्र संगीताविषयीं जें आज्ञापत्र काढिलें त्यांत देवळांत पियानो वाजविण्यास स्पष्ट मनाई होती. ढोल व झांजा ह्यांच्याच पंक्तीस तो बसविला होता. (आपल्या पेटीनेंहि असा वनवास भोगिला आहे: १९४० त रेडिओवर तिला बंदी झाली व ती अनेक वर्षें टिकली.) पुढें दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनें ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक घटनेंत पाइप ऑर्गनला मान देऊन इतर वाद्यांसहि वाट मोकळी केली; तीं पवित्र कार्यास अनुरूप असावीं व उपासकांच्या श्रद्धेस पोषक व्हावीं, एवढी अट घातली. आणि ५ मार्च १९६७ रोजीं रोमहून जी सूचनापत्रिका निघाली तिनें तर आपल्याच तक्रारीचा निकाल देऊन ठेविला आहे: वाद्यांनीं गाणारांच्या आवाजास आधार द्यावा, पण शब्द समजूं नयेत इतका त्यांचा आवाज होऊं नये, आणि धर्मगुरु किंवा सेवक आपल्या अधिकारानें कांहीं मोठ्यानें उच्चारीत असतां वाद्यांनीं मौन पाळावें. लॅटिन भाषेच्या दिवसांत शब्द ऐकूं आला तरी बहुतेकांस त्याचा अर्थ कळत नसे. आतां उपासना मराठींत आहे. अर्थ कळावा म्हणून इतका मोठा बदल झाला, आणि तो अर्थ एका पायाखालीं दडपून जावा, हें आम्हांस पटत नाहीं.

म्हणून ह्या रविवारपासून पुढीलप्रमाणें करावें अशी आमची इच्छा आहे. स्तोत्राच्या पठणांत व धर्मगुरूच्या प्रार्थनांत पेडल नाहीं आणि पियानोहि नाहीं. सर्वांनीं मिळून गावयाच्या गीतांत स्वरसमूह बदलला कीं पेडल बदललेंच पाहिजे. आपलीं पुष्कळ गीतें भजनाच्या चालीवर आहेत. त्यांत सूर पायरीपायरीनें, सा रे ग म असे चढतात. तेथें पेडल जवळजवळ नकोच. ख्रिस्तप्रसाद ग्रहण केल्यानंतर जें शांत वादन होतें तेथें मात्र उजवें व डावें दोन्ही वापरावीं. तेथें शब्द नाहींत, वादकानें आपली हौस पुरवून घ्यावी. नव्या ओळीच्या आधीं किंचित् उसंत द्यावी, पाय पूर्ण उचलावा, आणि पहिला शब्द मोकळ्या हवेंत पडूं द्यावा. तेवढ्यावर मागच्या बांकांचें काम होईल.

देवळाची इमारतहि लक्षांत घ्या. उघड्या भिंती, फरशी व उंच छप्पर हीं स्वतःच सूर लांबवितात. जणूं इमारतीनेंच एक पेडल दाबून धरिलें आहे. शनिवारीं रिकाम्या देवळांत तालीम करतां तेव्हां हा नाद फार असतो. रविवारीं बांक माणसांनीं भरले म्हणजे अंगावरचीं वस्त्रेंच तो शोषून घेतात. शनिवारीं ठरविलेला पाय रविवारीं जसाच्या तसा चालत नाहीं. वाजविणारानें कान उघडे ठेवावे, आणि गायकवृंदांतील एकानें शेवटच्या बांकाजवळ उभें राहून शब्द पोंचतो कीं नाहीं तें हातानें खुणावावें. हें काम कोणा वृद्ध मातेकडे दिलें तर अधिक उत्तम. तिच्याइतका खरा परीक्षक आम्हांस दुसरा दिसत नाहीं.

शिकावयाची इच्छा असणारांनीं शनिवारीं सायंकाळच्या मिस्सेनंतर थांबावें. पेटीवर बसणारे वडीलहि आले तर आनंदच आहे, आणि बोईसरच्या वसाहतींतील ज्या दोन मुली पियानो शिकत आहेत त्यांनीं त्यांस शिकवावें. पेडल फरशीवर सरकतें, त्याखालीं रबराचा तुकडा घालण्याची व्यवस्था केली आहे. तालमीस येतांना पाय धुऊन यावें. पुळणीवरची वाळू पेडलाच्या सांध्यांत गेली कीं तें करकरूं लागतें, आणि ती काढण्यासाठीं सबंध पेडल उकलावें लागतें.